पस्तीस सेंटची गोळी

गोळ्या स्वस्त मिळाल्या, हे ह्या सगळ्या खटाटोपाचे मूळ कारण. पेनसिल्व्हेनियात आमच्या गावाजवळ शिकारीच्या सामानाचे एक जुने दुकान आहे. तिथे गल्ल्याशेजारी दोनशे-दोनशेच्या साध्या प्लॅस्टिकच्या पिशव्या मांडलेल्या होत्या. ना रंगीत खोके, ना त्यावर शिंगे रोखून उभ्या असलेल्या हरणाचे चित्र. आत ०.३०८ इंच व्यासाच्या, १५० ग्रेन म्हणजे पावणेदहा ग्रॅमच्या आसपास वजनाच्या, तांब्याच्या कवचात शिसे भरलेल्या आणि टोकाशी शिशाचा राखाडी ठिपका उघडा ठेवलेल्या गोळ्या होत्या. एकीला पस्तीस सेंट. त्याच फळीवर निव्वळ तांब्याची नावाजलेली गोळी एकीला डॉलरच्याही वर पडत होती. ज्या घरात साबणाची उरलेली चकती नव्या वडीला चिकटवली जात असे, त्या घरात वाढलेल्या माणसाने काय केले असेल ते सांगायला नको. मी दोन पिशव्या उचलल्या, आणि गाडीत बसल्यावर मला प्रश्न पडला की ह्यांतली एक गोळी हरणाच्या खांद्यात शिरल्यावर नेमके काय करील.

तो प्रश्न पडण्याला कारण होते. तीन वर्षांपूर्वी माझ्या पहिल्याच मोसमात, अशाच एका स्वस्त गोळीने मी एका नरावर बार काढला होता. हरीण जेमतेम तीस पावलांवर, पूर्ण आडवे उभे होते. नेम खांद्यावर होता आणि तो चुकला नव्हता. हरीण गुडघ्यांवर कोसळले, उठले, आणि ओढ्याच्या दिशेने झाडीत शिरले. रक्ताचे थेंब शोधत मी विजेरी घेऊन रात्री नऊपर्यंत फिरलो, मग थेंबही संपले. सकाळी ते ओढ्याकाठी सापडले तेव्हा कोयोटींनी, म्हणजे इकडच्या कोल्ह्यासारख्या रानकुत्र्यांनी, मागच्या मांडीचा बराच भाग खाल्ला होता. कातडे सोलताना मला खांद्याच्या हाडावर कवचाच्या चिंध्या आणि तळहाताएवढी उथळ जखम दिसली; शिशाचा एकच तुकडा फुप्फुसापर्यंत पोहोचला होता, आणि तेवढ्यावर त्या जनावराने मरायला किती वेळ घेतला असेल हे मला आजही मोजायचे नाही. त्या दिवशी मी सगळा दोष गोळीच्या किमतीवर टाकून मोकळा झालो.

पुढे जाण्यापूर्वी एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. मराठीत आपण अख्ख्या काडतुसालाही गोळी म्हणतो आणि नळीतून सुटून जाणाऱ्या तुकड्यालाही. ह्या लेखात गोळी म्हणजे फक्त तो तुकडा. काडतूस हा चार वस्तूंचा संसार आहे: पितळेचे नळकांडे, त्याच्या बुडाशी बसणारा आणि दारूला ठिणगी देणारा प्रायमर, पोटात दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. बार उडाला की तीन वस्तू खर्च होतात आणि पितळ मागे राहते. ते पितळ स्वच्छ करून, साच्यात दाबून पुन्हा मापावर आणून, त्यात नवा प्रायमर, मोजून दारू आणि नवी गोळी बसवणे ह्याला इथे हँडलोडिंग म्हणतात, आणि हिवाळ्याच्या लांबलचक संध्याकाळी गॅरेजमध्ये बसून हा उद्योग करणारी हजारो माणसे अमेरिकेत आहेत.

मला हा उद्योग परका वाटला नाही, कारण आमच्या घरात ठासणीची बंदूक होती. सिंधुदुर्गात शेती संरक्षणासाठी अशा बंदुकांचे परवाने असत आणि आजही आहेत. निवडणुकीची आचारसंहिता लागली की त्या पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात आणि नेमक्या त्याच दिवसांत डुकरे भातात उतरतात, हे गाऱ्हाणे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. ठासणीच्या बंदुकीत काडतूस नसतेच. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा गजाने ठासायचा, मग छर्रे, मग पुन्हा बोळा, आणि शेवटी मागे ठिणगी पाडणारी केप बसवायची. म्हणजे प्रत्येक बार हा हाताने भरलेलाच बार. आजोबा दारू मोजायला बांबूच्या पेराचे एक माप वापरत, आणि मोठे डुक्कर आले आहे म्हणून चिमूटभर जास्त घालावी असे माझ्या काकांना वाटले की म्हणत, "मापान घाल रे, हौसेन नको." हे वाक्य माझ्या गॅरेजच्या भिंतीवर लिहायला हवे होते, पण ते मला आठवायला चारशे गोळ्या विकत घ्याव्या लागल्या.

इथे मला वाचकाच्या मनातली अढी थोडी सैल केली पाहिजे, कारण महाराष्ट्रात बसून हे वाचणाऱ्याला शिकारीचा लेख म्हणजे गुन्ह्याची कबुली वाटू शकते. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पेनसिल्व्हेनियाची गोष्ट उलट्या दिशेने गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे हरीण जवळजवळ संपले होते. १८९५ साली राज्याने गेम कमिशन, म्हणजे शिकारीचा कारभार पाहणारे खाते, स्थापन केले, इतर राज्यांतून हरणे आणून सोडली, मोसम आखून दिले, आणि आज पांढऱ्या शेपटीची ही हरणे इतकी झाली आहेत की जंगलात कोवळे रोप उभे राहू देत नाहीत. अलीकडच्या वर्षांत दर मोसमाला चार लाखांहून अधिक हरणे मारली जातात. त्यासाठी प्रशिक्षण घ्यावे लागते, परवाना काढावा लागतो, डोके, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच झगझगीत नारिंगी कपडा अंगावर घालावा लागतो. ज्या गोळीचे टोक पूर्ण कवचाने झाकलेले असते आणि जी आत शिरल्यावर उमलत नाही, ती गोळी इथे हरणावर चालत नाही. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. न उमलणारी गोळी सुईसारखी आरपार जाते आणि हरीण दोन दिवस झुरून मरते. उमलणे हेच शिकारीच्या गोळीचे काम.

तर, चाचणी. पहिली चाचणी सगळेच करतात ती केली, म्हणजे रेंजवर जाऊन शंभर यार्डांवर कागदावर गोळ्या झाडल्या. लोडिंगच्या पुस्तकात प्रत्येक गोळीसाठी आणि प्रत्येक दारूसाठी सुरुवातीचे आणि कमाल वजन दिलेले असते. खालून सुरुवात करून हळूहळू वर जायचे असते. दारूचे वजन मी इथे मुद्दाम लिहीत नाही. ते ज्याने त्याने छापील पुस्तकातच पाहावे, कुणाच्या लेखात नव्हे. माझी ओढ अर्थातच वरच्या टोकाकडे होती. कमालीच्या जवळ भरलेली काडतुसे क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, सेकंदाला २८०० फुटांच्या आसपास वेग दाखवू लागली आणि वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून झाडलेल्या पहिल्या तीन गोळ्या कागदावर एका नाण्याखाली झाकता येतील अशा बसल्या. मी त्या कागदाचा फोटो काढला. पस्तीस सेंटच्या गोळीने डॉलरच्या गोळीची खोड मोडली, असे त्या फोटोखाली लिहून भावाला पाठवूनही दिले.

तीन गोळ्यांचा ग्रुप हा स्वतःला फसवण्याचा सर्वांत सोयीचा मार्ग आहे, हे मला त्याच दुपारी कळायला हवे होते. चौथी गोळी अर्धा इंच बाहेर गेली तेव्हा मी म्हटले, चाप ओढताना हात हलला. पाचवी आणखी बाहेर गेली तेव्हा म्हटले, नळी तापली. वास्तविक हात हलला नव्हता आणि नळी तापली नव्हती. त्या गोळ्यांचा खरा पसारा तेवढाच होता आणि पहिल्या तीन योगायोगाने जवळ पडल्या होत्या. नंतर नेमाने दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप झाडले तेव्हा पसारा पावणेदोन इंच निघाला. गोळ्या काट्यावर टाकून पाहिल्या तर पन्नासांत दीड ग्रेनपर्यंतचा फरक होता; महागड्या गोळ्यांत तो अर्ध्या ग्रेनच्या आत राहतो. पण हरणाच्या छातीतल्या ज्या भागावर नेम धरायचा तो भाग आठ इंच तरी रुंद असतो. शंभर यार्डांवर पावणेदोन इंच पसरणारी गोळी त्या कामाला पुरून उरते. म्हणजे स्वस्त गोळीवरचा पहिला आरोप, ती नेमकी जात नाही हा, खरा असूनही कामाचा नव्हता. कागदाला हाड नसते, आणि माझा प्रश्न हाडाचा होता.

हाडाच्या प्रश्नासाठी पाण्याचे कॅन लागतात. बंदुकीच्या गोळ्यांची शास्त्रशुद्ध चाचणी जिलेटिनच्या ठोकळ्यात होते. दहा टक्के जिलेटिन, चार अंश सेल्सिअस तापमान, आणि सेकंदाला ५९० फूट वेगाने झाडलेला एअरगनचा छर्रा त्यात साडेआठ सेंटिमीटर शिरला तर ठोकळा बरोबर जमला असे मानायचे, इतका तो नेटका कारभार आहे. घरच्या फ्रिजमध्ये हे करायला निघालो असतो तर मला गोळ्यांसकट गॅरेजमध्ये राहायला जावे लागले असते. त्यामुळे दुधाचे एक गॅलनचे रिकामे कॅन. ते सहा इंच रुंद असतात. पाणी भरून एका रांगेत सात-आठ मांडले की गोळी कुठल्या कॅनमध्ये थांबली त्यावरून तिची पोच कळते आणि गोळी हातात मिळते. पाणी म्हणजे मांस नव्हे, पाण्यात गोळी मांसापेक्षा लांब जाते. पण एका गोळीची दुसरीशी तुलना करायला ही मोजपट्टी पुरते. दोन महिने आमच्या गल्लीतल्या चार घरांनी माझ्यासाठी दुधाचे कॅन जमवले. कशासाठी, हे एकाच घराने विचारले.

सार्वजनिक रेंजवर कागदाशिवाय कशावर गोळी झाडू देत नाहीत, म्हणून ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या कुरणात, मागे मातीचा उंच बांध पाहून, मी जुनी फळी टाकून कॅन मांडले. पहिल्या कॅनच्या पुढे खाटकाकडून आणलेले बैलाच्या खांद्याचे चपटे हाड दोरीने टांगले, त्याच्या मागे रात्रभर भिजवलेल्या वर्तमानपत्रांचा दोन बोटे जाडीचा गठ्ठा. (रद्दी ही वस्तू अमेरिकेत विकत मिळत नाही आणि फुकटही मिळत नाही, हे मला त्या आठवड्यात समजले.) पंचवीस यार्डांवरून, म्हणजे त्या पहिल्या हरणाच्या अंतरावरून, कमालीच्या जवळ भरलेले पहिले काडतूस झाडले. पहिले दोन कॅन नुसते फुटले नाहीत, त्यांच्या प्लॅस्टिकच्या चिंध्या कुंपणावर जाऊन लोंबल्या आणि पाण्याचा फवारा माझ्या डोक्याच्या बराच वर गेला. शेतकरी खूष होऊन टाळ्या वाजवत होता. मीही क्षणभर खूष झालो, कारण एवढा धडाका पाहिल्यावर गोळीने काम चोख केले असेच कुणालाही वाटेल.

तिसऱ्या कॅनमध्ये रिकामे कवच सापडले. केळे सोलून साल टाकून द्यावी तसे ते चार पाकळ्यांनी उलटे फिरले होते आणि आत काही नव्हते. शिशाचा गाभा चौथ्या कॅनच्या तळाशी होता, चघळून टाकलेल्या सुपारीसारखा, वजन ६२ ग्रेन. बाकीचे शिसे शोधायला मी तिसऱ्या कॅनमधले पाणी जुन्या पंचातून गाळले. (चहाच्या गाळण्याला हात लावायचा नाही, असे घरातून आधीच बजावलेले होते.) पंचावर मीठ विस्कटल्यासारखी चकचकीत राखाडी पूड राहिली. ओढ्याकाठी सोललेल्या त्या खांद्यात मी जे पाहिले होते, तेच आता मापासकट समोर होते: कवच आणि गाभा एकमेकांना सोडून गेले होते, आणि दोघांपैकी एकातही खोल जायला पुरेसे वजन उरले नव्हते. आणखी दोन झाडल्या. तसेच. डॉलरची तांब्याची गोळी त्याच वेगाने झाडली ती हाड, रद्दी आणि सहा कॅन ओलांडून सातव्यात सापडली, चार पाकळ्या उमललेली, वजन १४९ ग्रेन. एक ग्रेन काय ते हाडावर ठेवून आली होती.

इथे निकाल लागला असता आणि मी पिशव्या परत करायला गेलो असतो. दुकानदाराने उघडलेली पिशवी परत घेतली नाही, हे माझ्या संशोधनाचे खरे श्रेय. दोनशे गोळ्यांची बंद पिशवी आणि जवळजवळ भरलेली दुसरी समोर ठेवून बसलो असताना मला बांबूच्या पेराचे ते माप आठवले.

गोळीच्या इतिहासात हा मुद्दा तसा जुना आहे. जॉन नॉस्लर हे ओरेगॉनमधले गृहस्थ १९४६ साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात मूस नावाच्या थोराड हरणाच्या शिकारीला गेले. त्यांच्या हातात .३०० एच अँड एच मॅग्नम, म्हणजे त्या काळच्या मानाने फार वेगवान रायफल होती. चिखल वाळून चिलखतासारखा झालेल्या एका नर मूसवर त्यांनी गोळ्या झाडल्या आणि त्या खोल न जाता वरच फुटल्या. घरी आल्यावर त्यांनी मधोमध तांब्याची आडभिंत असलेली गोळी बनवली. पुढचे शिसे उमलले तरी मागचे जागेवर राहते. १९४८पासून ती विकली जाऊ लागली, आणि महागड्या गोळ्यांची सगळी वंशावळ तिथून सुरू होते असे म्हटले तरी चालेल. ही गोष्ट सगळे चांगल्या गोळीची गोष्ट म्हणून सांगतात. मला ती वेगाची गोष्ट वाटते. वेग वाढवला म्हणून जुनी साधी गोळी अपुरी पडली. कवच आणि गाभा वेगळे असलेल्या साध्या गोळीने त्याआधी कित्येक वर्षे सेकंदाला दोन-सव्वादोन हजार फुटांनी धावणाऱ्या रायफलींतून हरणे मारली होती, आणि त्या वेगाला तिने बहुधा कुणाला दगा दिला नव्हता.

मग मी पुस्तकातल्या तक्त्याच्या तळाशी गेलो. सुरुवातीचे वजन, ज्याकडे मी आजवर पायरी म्हणूनच पाहिले होते, तेच वजन भरून पंधरा काडतुसे केली. क्रोनोग्राफवर वेग २५०० फुटांच्या आसपास आला. खांद्याला बसणारा झटका इतका सौम्य झाला की दहा गोळ्यांचा ग्रुप, तीच रायफल आणि तीच गोळी असूनही, दीड इंचाच्या आत आला. ह्यात गोळीचे श्रेय किती आणि न दचकणाऱ्या माझ्या खांद्याचे किती, ते वेगळे काढता येणार नाही. पुन्हा कुरण, पुन्हा हाड, पुन्हा भिजकी रद्दी. ह्या वेळी पहिला कॅन फाटला, पण कुंपणावर काही लोंबले नाही. शेतकऱ्याने टाळ्या वाजवल्या नाहीत. गोळी पाचव्या कॅनमध्ये पाण्याच्या तळाशी बसली होती, एका तुकड्यात, अळंब्यासारखी छत्री उघडून. छत्रीचा व्यास १४ मिलिमीटर, वजन १०४ ग्रेन. कवचाची किनार शिशाभोवती आत वळून घट्ट धरून बसली होती. पुढच्या दोन्हींचे वजन ९९ आणि १०७ भरले.

दुसरे टोकही पाहायला हवे होते, कारण कमी वेगाची गोळी दूर जाऊन इतकी मंदावते की उमलतच नाही, ही शंका खरी असते. अशा गोळ्यांना उमलायला सेकंदाला १८०० फुटांच्या आसपास तरी वेग हवा. म्हणून कॅन दोनशे यार्डांवर नेऊन मांडले. पहिल्या दोन गोळ्या कॅनखालून गेल्या, कारण शंभर यार्डांवर जुळवलेली दुर्बीण ह्या वेगाला दोनशेवर पाच इंचांच्या आसपास खाली मारते आणि मी ते हिशेबात धरायला विसरलो होतो. तिसरी लागली. छत्री लहान, ११ मिलिमीटर, वजन १३१, पण उघडलेली. त्यापुढे मी गेलो नाही. आमच्या भागातल्या ओक आणि हेमलॉकच्या दाट जंगलात शंभर यार्डांपलीकडचे हरीण दिसतच नाही, आणि दोनशेपलीकडे मी कुठल्याही किमतीच्या गोळीने बार काढणार नाही.

तीनशे फूट वेग सोडून दिल्याने माझे काय गेले, ह्याचा हिशेब मी बरेच दिवस करत होतो. सपाट उड्डाणातले दोन-चार इंच गेले, तेही मला न लागणाऱ्या अंतरावर. फोटो काढण्याजोगा पाण्याचा फवारा गेला. ह्या दोन गोष्टी जपण्यासाठी डॉलरची गोळी विकत घेणारे खूप लोक आहेत. तो त्यांचा प्रश्न. मला मात्र ह्यात एक वेगळाच फायदा दिसला. पस्तीस सेंटची आणि हलक्या झटक्याची गोळी माणूस मनसोक्त झाडतो. सप्टेंबर ते नोव्हेंबर मी जवळजवळ पावणेतीनशे गोळ्या उभे राहून, गुडघ्यावर बसून, झाडाला टेकून, मोजे घातलेल्या हातांनी झाडल्या. डॉलरच्या गोळ्या घेतल्या असत्या तर वीस झाडून, दुर्बीण जुळली असे म्हणून उरलेल्या जपून ठेवल्या असत्या.

एका बाबतीत मात्र माझे समाधान झालेले नाही. पंचावर राहिलेली ती राखाडी पूड. वेग कमी केल्यावर ती खूप कमी झाली, पण १५०मधून १०४ वजा केले तर ४६ ग्रेन उरतातच, आणि त्यात बहुतेक शिसे असते. २००८ साली नॉर्थ डकोटात गरिबांसाठी दान आलेल्या हरणाच्या मांसाच्या पाकिटांचे स्कॅन काढले तेव्हा त्यांत धातूचे कण दिसले आणि अन्नछत्रांना ते मांस फेकून द्यायला सांगण्यात आले. पुढे त्याच राज्यात सातशेहून अधिक लोकांचे रक्त तपासले; शिकारीचे मांस खाणाऱ्यांच्या रक्तात शिसे थोडे जास्त निघाले, जरी त्या वेळी धोक्याची मानलेली पातळी कुणी ओलांडलेली नव्हती. कॅलिफोर्नियाने २०१९च्या जुलैपासून शिकारीतली शिशाची गोळी पूर्ण बंद केली, ती मुख्यतः काँडर गिधाडांसाठी. १९८२ साली त्यांची संख्या २२वर आली होती, आणि शिकाऱ्यांनी मागे टाकलेल्या आतड्यांतले शिसे खाऊन ती मरत होती. डायक्लोफेनॅकने आपली गिधाडे कशी गेली हे पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट दोनदा सांगावी लागत नाही. गुरांना दिलेले ते औषध भारताने २००६ साली बंद केले, तेव्हा आमच्या गावाच्या आकाशात घिरट्या घालणारे काही उरले नव्हते.

म्हणजे पुढची पिशवी तांब्याची असणार, हे मला जवळजवळ ठाऊक आहे. घरात सहा वर्षांची मुलगी आहे आणि ती खिमा आवडीने खाते. हातातल्या गोळ्या संपेपर्यंत मी आतडी पुरतो आणि जखमेभोवतीचे मांस सढळ हाताने कापून टाकतो. हा तोडगा अर्धवट आहे.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी रायफलचा मोसम उघडला. सकाळी साडेसातच्या सुमाराला एक मादी उतारावरून तिरकी चालत आली आणि साठ-पासष्ट यार्डांवर, माझ्याकडे अर्धी पाठ करून थांबली. शेवटच्या बरगड्यांतून पलीकडच्या खांद्याकडे नेम धरला. झटका जाणवला नाही, तो कधीच जाणवत नाही. हरीण वळून चाळीस पावले धावले आणि चालत असल्यासारखेच खाली बसले. मी झाडावरच्या मचाणावरून उतरून तिथे पोहोचलो तोपर्यंत सगळे शांत झाले होते.

संध्याकाळी गॅरेजमध्ये कातडे काढताना पलीकडच्या खांद्यावर, कातड्याच्या आतल्या बाजूला, बोटाला एक गाठ लागली. सुरीच्या टोकाने कापल्यावर गोळी तळहातावर पडली: छत्री उघडलेली, एका बाजूने बरगडीने घासलेली, कवच शिशाला धरून. धुऊन, पुसून काट्यावर ठेवली. १०९ ग्रेन. कुरणातल्या तिन्ही गोळ्यांपेक्षा दोन ग्रेन का होईना, जास्तच. चिठ्ठीवर तारीख, अंतर आणि वजन लिहून ती पत्र्याच्या डब्यात टाकली, जिथे त्या सगळ्या पाण्यातल्या गोळ्या आहेत. मग १५०मधून १०९ वजा केले, सुरी पुन्हा धारेला लावली, आणि खांद्याभोवतीचे मांस आणखी चार बोटे कापून काढले.